चौथी ओळ

"आधी घडू दे, मग लिहू," असं बाइंडर म्हणायचा. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. लेकीच्या कानांना तर ते वाक्य इतकं सवयीचं झालं होतं, की ते ऐकू येणंच थांबलं होतं.

चाळीस वर्षं तो छापखान्यात पुस्तकं बांधत आला. छापलेल्या मोठ्या कागदांना हाडाच्या पट्टीने घडी घालायची, घडी घातलेले फर्मे ओळीने जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची आणि पुठ्ठा चढवायचा. शाळा सातवीतच सुटलेली. इंग्रजी त्याला शिकवलं ते हाताखालून गेलेल्या पानांनी. पान आडवं आलं की आडवं वाचायचं, उलटं आलं की उलटं. अडलेला शब्द मनात धरून ठेवायचा आणि दुपारच्या सुट्टीत कोशात शोधायचा. तो जाडजूड कोश कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं होतं, ते परत न्यायला फिरकलंच नाही.

मशीनमन त्याला 'डिक्शनरी' म्हणायचा. "काय डिक्शनरी, आज कुणाचं खानदान काढलं?"

बाइंडर खरंच शब्दांचं खानदान काढायचा. कापून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर चार ओळी लिहायच्या. पहिलीत शब्द, दुसरीत अर्थ, तिसरीत तो कुठून आला ते, चौथीत वाक्य. चौथ्या ओळीचा नियम कडक होता. बनवलेलं वाक्य चालायचं नाही. घरात घडलेलं, कुणी खरोखर बोललेलं, तेवढंच लिहायचं. तसं काही घडलं नसेल, तर ओळ कोरी ठेवायची आणि पट्टी खोक्यात आडवी टाकायची.

'विंडो' म्हणजे खिडकी. मुळात वाऱ्याचा डोळा, उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आलेला. चौथी ओळ: आमच्या वाऱ्याच्या डोळ्याला काच नाही, बायको तिथे रद्दी चिकटवते. 'कंपॅनियन' म्हणजे सोबती. मुळात बरोबर पाव खाणारा. चौथी ओळ: मशीनमन माझा अर्धा पाव न विचारता खातो. 'विडोअर' म्हणजे बायको गेलेला माणूस. तिसऱ्या ओळीत त्याने लिहिलं होतं, की त्यांची 'विडो' आणि आपली 'विधवा' एकाच जुन्या घरातल्या बहिणी. ती पट्टी अकरा वर्षं आडवी पडून होती. मग एका मंगळवारी तिला चौथी ओळ मिळाली: तिने चहा अर्धा ठेवला होता, तो कप मी आठ दिवस धुतला नाही.

लेक या पट्ट्यांवरच इंग्रजी शिकली आणि इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवायला लागली. एकदा क्लासच्या सरांसमोर ती सहज पट्ट्यांबद्दल बोलून गेली. सरांचे डोळे चमकले. मुलांना शब्दसंग्रहाचं पुस्तक हवंच होतं. "वडिलांना विचार," ते म्हणाले. "आणि हे काम नीट झालं, तर तुझ्या कायमच्या नोकरीचंही बघू."

बाइंडरने खोकी उतरवून दिली. "नाव नको," तो म्हणाला. "बाइंडरचं नाव पुस्तकावर कधी असतं का? फक्त चौथ्या ओळी हलवायच्या नाहीत. बाकी सगळं कोशातलं आहे. माझं तेवढंच आहे."

"नाही हलवणार, बाबा," लेक म्हणाली. तेव्हा ती खरं बोलत होती.

सरांनी दहा-बारा पट्ट्या चाळल्या आणि हसले. "कप आठ दिवस धुतला नाही? अगं, हे परीक्षेला चालतं का? लोक नाक मुरडतील. स्वच्छ, सरळ वाक्यं घाल. राजा, राणी, सूर्य, शेजारी."

लेकीने लाल पेन घेतलं. पहिल्या दिवशी हात अडखळला. तिसऱ्या दिवशी सरावला. दहाव्या दिवशी तर तिला त्या ओळींची लाजच वाटायला लागली. घरातली रद्दी, वडिलांची फाटकी चप्पल, आईची भांडणं जगाने का वाचावीत? 'विडोअर'ची पट्टी तिने शेवटाला ठेवली होती. तिच्यावरही रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: राणीच्या मृत्यूनंतर राजा विधुर झाला.

बाबांना सावकाश समजावून सांगू, असं ती ठरवत राहिली. छपाई दुसऱ्या छापखान्यात होती, म्हणून ती निश्चिंत होती. पण त्या छापखान्याकडे बांधणीची माणसं नव्हती. छापलेले गठ्ठे टेंपोतून आले आणि थेट बाइंडरच्या टेबलावर पडले.

मशीनमनने क्लासमध्ये फोन केला. "ताई, येऊन जा. डिक्शनरी सकाळपासून घड्या घालतोय, पण तोंडातून शब्द नाही."

ती भर दुपारी पोचली. बाइंडर उभ्यानेच काम करत होता. घडी घालायचा, हाडाची पट्टी फिरवायचा, पान वाचायचा, बाजूला ठेवायचा. पहिल्या पानावर सरांचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात 'साहाय्यक संपादक' म्हणून लेकीचं.

"बाबा, मी सांगणारच होते."

"'एडिट' शब्द कुठून आला, आठवतं?"

तिने पहिलं पान उलटं करून ठेवलं.

"मुळात बाहेर देणं. तू माझ्या ओळीच बाहेर दिल्यास. अर्थाला धरूनच वागलीस."

"सर म्हणाले, परीक्षेला चालत नाही. माझी नोकरी कायम होत होती, बाबा."

"झाली?"

"पुढच्या महिन्यात."

"आधी घडू दे," बाइंडर म्हणाला.

मशीनमन मधे पडला. "डिक्शनरी, माझा पाव तरी ठेवला का रे पुस्तकात?"

"तुझ्या जागी शेजारी आलाय. राजाच्या बागेत फिरतोय."

"मेला उपाशी बिचारा," मशीनमन म्हणाला. पण कुणी हसलं नाही.

बाइंडरने काम अर्धवट सोडलं नाही. चार दिवस त्याने सगळी पुस्तकं बांधली, नेहमीपेक्षा घट्ट. शिलाईचा एक टाका सैल नव्हता. लेक रोज यायची, दाराशी उभी राहायची. चौथ्या दिवशी तिने पट्ट्यांची खोकी परत आणली. त्याने 'विडोअर'ची पट्टी शोधून काढली. लाल रेघेवरून अंगठा फिरवला, लेकीचं अक्षर वाचलं.

"वळण छान आहे," तो म्हणाला. "मीच गिरवून घेतलं होतं."

"मी सगळ्या पट्ट्या नव्याने लिहून देते, बाबा. सगळं पाठ आहे मला."

"पाठ आहे, तरी रेघ मारलीस. तेच कळत नाही मला." त्याने ती एक पट्टी खिशात घातली. "बाकीच्या क्लासला ने. मुलांना उपयोगी पडतील."

त्याने हाताची खळ फडक्याला पुसली, पायरी उतरला आणि तिथून मागे वळून म्हणाला, "आणि 'सिन्सिअर', म्हणजे मनापासूनचा, याखाली तो शब्द मेण न लावलेल्या पुतळ्यावरून आला अशी गोष्ट छापली आहे. ती खोटी आहे. मी ती खोडलेली होती. सरांना सांग."

मग तो रस्त्याला लागला, एक हात खिशावर ठेवून. मशीनमनने मशीन बंद केलं आणि दारात येऊन उभा राहिला. लेक त्याच्या शेजारी होती, हातात कोरं करकरीत पुस्तक घेऊन. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मागे पाहिलं नाही.