पोचा पडलेला डबा

सकाळी सात वाजता पाटकरी धरणाच्या पायथ्याशी डबा लावून उभा असला, की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मातीच्या भिंतीतून झिरपलेलं पाणी पायथ्याच्या दगडी नालीत गोळा व्हायचं आणि एका पाइपातून बाहेर पडायचं. पाटकरी त्या धारेखाली तेलाचा रिकामा डबा धरायचा आणि तो काठोकाठ भरेपर्यंत आकडे मोजायचा. हातात घड्याळ नाही, काही नाही. तोंडाने, एका लयीत. एकदा एका पाहुण्याने मध्येच विचारलं, मुलगी केवढी झाली? पाटकरी म्हणाला, "सत्तावीस." मुलगी तेव्हा चौथीत होती. पुढे कितीतरी दिवस लोक तिला "काय सत्तावीस, निघालीस का शाळेला?" असं विचारायचे.

त्याचं खरं काम पाणी सोडण्याचं. कुणाची पाळी कधी, चाक किती आटे फिरवायचं, कुठल्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं, हे तो पाहायचा. पण डबा हा त्याचा स्वतःचा उद्योग होता. त्याला कुणी सांगितलेला नव्हता. मातीचं धरण थोडं गळायचंच, असं तो म्हणायचा, गळू दे. पण काल जेवढं गळलं तेवढंच आज गळायला हवं. तळं तुडुंब असलं की डबा छत्तीसला भरायचा, अर्ध्यावर आलं की चाळीसला, उन्हाळ्याच्या शेवटी अठ्ठेचाळीसला. तळ्याची पातळी सांगा, तो डोळे मिटून आकडा सांगायचा.

सांगणारच. हे धरण बांधताना तो भरावावर पाणी शिंपडायला होता. मातीचा एक थर टाकायचा, त्यावर पाणी मारायचं, मग रोलर. रोलर बंद पडला की बायका ओळीने उभ्या राहून माती तुडवायच्या. त्या ओळीतली एक त्याला रोज ओरडायची, की पाणी जास्त मारतोस, पाय रुततात. तिच्याशीच त्याने पुढे लग्न केलं. "हिच्या टाचांखाली भराव बसला आणि मीपण," असं तो सांगायचा, आणि बायको दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी नाक मुरडायची.

तर त्या वर्षी उन्हाळा लागला, तळं अर्ध्यावर होतं, आणि एका सोमवारी डबा चाळीसच्या ऐवजी चव्वेचाळीसला भरला. पाटकऱ्याला वाटलं, आपली लय चुकली. पुन्हा मोजलं, चव्वेचाळीस. गुरुवारी सत्तेचाळीस झाले, रविवारी बावन्न. आठवडाभरात तळं चार बोटंही उतरलं नव्हतं.

पाणी संस्थेचा चेअरमन म्हणजे पाटकऱ्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला. डबा भरायला वेळ लागतोय म्हणजे गळती कमी झाली, पाणी वाचलं. तीन आठवड्यांनी उन्हाळ्याची शेवटची पाळी होती, ती आता सगळ्यांना पुरणार. त्याचे स्वतःचे टोमॅटो फुलावर होते. ती पाळी चुकली तर अख्खं पीक हातचं जाणार होतं. पाटकऱ्याला मात्र ते पटेना. पाणी कमी येतंय म्हणजे ते थांबलंय असं नाही. त्याने दुसरी वाट धरली असेल तर?

चार दिवस हे ऐकल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, डब्याचं एक सांगायचं राहिलं."

त्या डब्याला वीस वर्षांपूर्वी मोठा पोचा पडला होता, धरणाच्या दगडांवरून गडगडत गेला तेव्हा. तिने त्या सोमवारच्या आदल्या दिवशी कडी बदलायला तो पत्र्याच्या दुकानात नेला होता आणि दुकानदाराने जाता जाता पोचाही ठोकून काढला होता. पाटकऱ्याने डबा फिरवून पाहिला. धरणावरची बोटभर भेग लांबून ओळखणाऱ्या माणसाला हातातल्या डब्याचा पोचा गेलेला इतके दिवस दिसला नव्हता.

"माझे केस पिकलेले तरी कुठे दिसले होते तुम्हाला," बायको म्हणाली.

ही गोष्ट चेअरमनच्या कानावर गेली आणि तिथून चहाच्या टपरीवर. मग काय, लोकांना विषयच मिळाला. कुणी डब्याची तब्येत विचारायचं, कुणी म्हणायचं, पाटकरी, आता तेवढी धरणाचीही कडी बदलून आणा. पाटकऱ्याने ऐकून घेतलं, दुधाचं लिटरचं माप घेतलं आणि ओट्यावर बसून डबा मोजला. पोचा पडला तेव्हाही त्याने तो मोजला होता. साडेसोळा लिटर भरला होता. आता अठरा भरला. दीड लिटर म्हणजे त्याच्या हिशेबाने चार आकडे. चाळीसचे चव्वेचाळीस झाले, ठीक.

"मग वरचे आठ कुठून आले?" तो बायकोला म्हणाला. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चपला काढल्या आणि पायथ्याच्या कडेने अनवाणी चालायला लागला. माती तापलेली, कोरडी. भिंत जिथे जुन्या ओढ्यावरून जाते तिथे त्याचा पाय गार पडला. हा तुकडा घाईत, अगदी शेवटी भरलेला होता. गवत वाळायच्या दिवसांत तिथे परातीएवढा हिरवा ठिपका होता, आणि त्याच्या मधून करंगळीएवढी धार. नालीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ असायचं. हे गढूळ होतं. घरून त्याने एक पांढरी वाटी आणली, भरून घेतली आणि मेहुण्याचं घर गाठलं.

चेअरमन हसला. "दाजी, परवा डब्याने फसवलं, आज वाटी आणलीत?"

पाटकरी म्हणाला, "माझं ऐकू नकोस. चहा होईपर्यंत ही हलवू नकोस, मग स्वतः बघ." आणि मग त्याने सांगून टाकलं, की तळं अर्ध्याच्या अर्ध्यावर आणावं लागेल, आणि शेवटची पाळी मिळणार नाही. चेअरमनचं हसू मावळलं. पाटबंधारे विभागाचे लोक येऊन बघेपर्यंत थांबू, तो म्हणाला. एका वाटीसाठी शंभर घरांचं पाणी ओढ्याला सोडून द्यायचं का? आणि लोकांना तोंड कोण देणार?

चहा संपला. वाटीतलं पाणी निवळलं होतं आणि तळाशी पिवळट चिकणमातीचा थर बसला होता. नवऱ्याच्या पाठोपाठ आलेल्या पाटकऱ्याच्या बायकोने त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्याने चोळलं. धरणाची बाहेरची माती तांबडी, मुरमाड. ही पिवळी तीन कोसांवरून आणून फक्त भिंतीच्या गाभ्यात घातलेली.

"बाळू," ती भावाला म्हणाली, "ही माती मी तुडवलीय. ही बाहेर यायलाच नको."

चेअरमनने वाटी ओढून स्वतःचं बोट बुडवलं. मग त्याने चपला घातल्या. "आज किती आटे?"

एकदम मोकळं सोडायचं नव्हतं. तळं झपाट्याने उतरलं तर भिजलेला भराव आतल्या बाजूला घसरतो. रोज एक वीत. पाणी वाया जाऊ नये म्हणून चेअरमनने सगळ्यांना पाळी आधीच दिली, जमेल त्याने विहीर भरून घ्यावी म्हणून दारोदार फिरला आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. धारेवर पाटकऱ्याने आधी वाळू पसरली, वर खडी, तिच्यावर दगड; पाणी यावं, माती येऊ नये. पाचव्या दिवशी वाटीचा तळ स्वच्छ राहिला. नवव्या दिवशी विभागाच्या इंजिनिअरबाई आल्या, दगड उचलून पाहिले आणि पावसाआधी तो तुकडा उकरून पुन्हा भरायला लावला. अजून दोन आठवडे गेले असते, तर उकरायला भिंत राहिली नसती, असं त्या चेअरमनलाच म्हणाल्या. हे कोणत्या यंत्राने कळलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी पाटकऱ्याकडे पाहिलं आणि पाटकरी डबा पाठीमागे लपवायला लागला.

टोमॅटो निम्मेच हाती लागले. चेअरमनने त्यातली एक पाटी बहिणीकडे पाठवली आणि निरोप दिला, की दाजींनी एकेक मोजून खावा.

पाऊस झाला, तळं पुन्हा अर्ध्यावर आलं. त्या दिवशी पाटकऱ्याची बायको वरवंटा घेऊन ओट्यावर बसली आणि डब्याच्या जुन्या जागी ठोका घातला. मापाने मोजलं, सतरा. आणखी एक ठोका. सव्वासोळा, जास्त झालं. मग आतून अंगठ्याने दाबत दाबत तिने साडेसोळा आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन पायथ्याशी आला. पाटकरी डबा लावून उभा होता. चेअरमनने काही विचारलं नाही, दगडावर बसून राहिला. डबा भरून वाहिला तेव्हा पाटकऱ्याने मान वर केली.

"चाळीस," तो म्हणाला. "हं, बोल आता."