शॉवरला लावलेला मळ्यातला पाईप

माझं शिक्षण चौथी. पण नदीपासून मळ्यापर्यंतची पाइपलाइन मी स्वतः टाकली आहे आणि ती अजून गळत नाही. त्यामुळे घरात शॉवर बसवायचं ठरलं तेव्हा प्लंबर बोलवायचा प्रश्नच नव्हता. निदान माझ्यापुरता.

शॉवर कशाला, तर आमच्या मंडळींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. बादलीतून तांब्या घ्यायचा म्हणजे वाकणं आलं. मग ही खुर्चीवर बसायची आणि सून अंगावर पाणी घालायची. सुनेनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण आंघोळ झाली की ही तासभर कुणाशी बोलायची नाही. एकदा मला म्हणाली, "अवं, मला दार लावून, एकटीनं आंघोळ करायची हाय. बाकी काय नको." एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं फार काही मागितलेलं नाही. मागितलं ते सगळं मी दिलं, असंही नाही.

आमच्या गच्चीवर सोलरची टाकी आहे. तिची गरम पाण्याची लाइन खाली बादलीवरच्या नळाला येते. ती गच्चीवर फोडायची आणि बाहेरच्या भिंतीवरून एक नवा पाईप शॉवरला आणायचा. गार पाण्याची लाइन तिथं होतीच, तीही जोडायची. अर्ध्या दिवसाचं काम. उचगावातल्या दुकानात जोडाचे तुकडे आणायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "काका, पाणी गरम का गार?"

"सोलरचं."

"मग पिवळट पाईप न्या. पांढरा गरम पाण्याला टिकत न्हाय."

"पाईप हाय माझ्याकडं. मळ्यातला. किती उन्हाळं उघड्यावर काढल्यात त्यानं."

"काका, ऊन येगळं, आतनं गरम पाणी येगळं."

"तू तुकडं दे."

पाईप बसवला त्या दिवशी आभाळ होतं. टाकीतलं पाणी कोमट. शॉवर झकास चालला. मी मुलाला बोलावून दाखवला. तो म्हणाला, "बघू." कौतुक करायला त्याला पहिल्यापासून जड जातं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी ही काठी टेकत गेली आणि दार लोटून घेतलं. मी अंगणात होतो. पाण्याचा आवाज ऐकला आणि सहज वर भिंतीकडं बघितलं. माझा पाईप दोरीवरच्या ओल्या धोतरासारखा लोंबत होता. बघता बघता जोडातून निसटला आणि वाफाळतं पाणी भिंतीवरून खाली आलं. कुणाला भाजलं नाही.

आतून आवाज आला, "अवं, गरम पाणी गेलं की! तोंडाला साबण हाय माझ्या!"

सून बादली घेऊन पळाली. आत गेली आणि रोजच्यासारखं पाणी घातलं. ही बाहेर आली, माझ्याकडं बघितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी ती रात्रीपर्यंत बोलली नाही.

मुलगा म्हणाला, "आबा, प्लंबर बोलवू?"

मी म्हटलं, "कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. दुकानदारानं शटर वर केलं. म्हणाला, "काका, म्हटलंतं की मी."

"म्हटलंतंस. आता पिवळा दे. आणि त्याला कुठलं सोल्यूशन लावायचं, किती येळ सुकू द्यायचं, ते दाखव."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असेन. त्यानं दाखवलं. हसला नाही, हे त्याचं चांगलं.

पाईप बदलला, जोड एक दिवस सुकू दिला. मग कडक उन्हात तासभर गरम पाणी सोडून भिंतीखाली उभा राहिलो. पाईप सरळ होता.

नंतर ही आत गेली. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. सून म्हणाली, "मामा, हाक मारा की, पडल्या-बिडल्या तर न्हाईत?"

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. आत पाणी पडत होतं.

"कोण हाय दारात?" आतून आवाज आला.

"मी."

"काय काम हाय? जावा तिकडं!"

मी गेलो.