शेजारच्या देशांची बैठक आणि आमची भावकी

बायको जाऊन अकरावा महिना चालू होता, तेव्हा लोणावळ्याच्या हॉटेलातून फोन आला. त्या हॉटेलात मी सव्वीस वर्षं काढली. लग्नं, बारशी, कंपन्यांच्या मिटिंगा होतात तो मोठा हॉल माझ्याकडं असायचा. खुर्च्या लावायच्या, टेबलांवर कापड घालायचं, पाणी, चहा. गुडघे गेले तसं काम सोडलं. आता मॅनेजर म्हणाला, "मामा, पाच दिवस या. बाहेरच्या देशांची बैठक आहे. इथली पोरं नवीन आहेत, त्यांचा भरवसा नाही."

मी लगेच हो म्हटलं. घरात दिवसभर मला कुणी हाक मारत नव्हतं. मुलगा चिंचवडला असतो. रोज फोन करतो, "जेवलात का?" विचारतो. मी "जेवलो" म्हणतो. तेवढ्यावर फोन संपतो. हॉटेलात निदान "मामा, पाणी" तरी कुणी म्हणेल.

खरं सांगायचं तर मला तिच्याविषयी बोलायला माणूस पाहिजे होता. डोळे मिटले की मला तिचा शेवटचा महिनाच दिसायचा, खाटेवरचा. त्याच्या आधीची ती पुसत चालली होती. मुलाला आई ठाऊक, सुनेला सासू ठाऊक, गावाला म्हातारी ठाऊक. पण सुदुंबऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हाची ती बघितलेला माझ्याखेरीज एकच माणूस आता जिवंत राहिला होता. माझा थोरला भाऊ. आणि त्याचं माझं बोलणं नऊ वर्षं बंद.

भांडण वाटेचं. भावानं त्याच्या वाटणीची भाताची खाचरं एका बंगलेवाल्याला विकली. त्या बांधावरून माझ्या शेतात जायची वाट होती, आज्याच्या काळापासूनची. बंगलेवाल्यानं लोखंडी गेट ठोकलं आणि कुलूप घातलं. भावानं विकताना वाटेचा शब्द काढला नव्हता. मला ओढ्याकडून अर्धा तास वळसा पडायला लागला. मी चार माणसांत त्याला वाटेल ते बोललो. त्यानंही मागं ठेवलं नाही.

मध्ये वहिनी गेली. मी खांदा दिला आणि स्मशानातूनच माघारी आलो, त्याच्या दारात गेलो नाही. बायको मात्र दहा दिवस तिकडं जाऊन भाकरी थापत होती. मी म्हटलं, "जायचं न्हाई." ती म्हणाली, "भांडान तुमचं हाय. त्यांच्या चुलीनं काय केलंय?" आणि गेली. मग ती स्वतः गेली, तेव्हा भावानं तेच केलं. खांदा दिला, नदीवरून परस्पर गेला. दहाव्यालाही आला नाही.

आता वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. आमच्या आळीत श्राद्धाचं आवतण फोनवर देत नाहीत. घरच्या माणसानं स्वतः जायचं, आणि थोरल्या घरापासून दारं जशी ओळीनं लागतात तशी घ्यायची. मधलं एखादं दार सोडलं तर ते तोंडावर थुंकल्यासारखं धरतात. भावाचं दार तिसरं. माझ्या मनात होतं, चुलत्याच्या पोराला पाठवून देऊ. म्हणू, गुडघे दुखतात.

एवढं डोक्यात घेऊन मी हॉटेलात गेलो.

बैठक आपल्या आजूबाजूच्या देशांच्या संघटनेची होती. पोलीसखात्याचे, पुराच्या खात्याचे मोठे साहेब आले होते. व्यवस्था बघायला दिल्लीहून एक बाई आल्या होत्या, अधिकारी. मूळच्या साताऱ्याकडच्या, त्यामुळं माझ्याशी मराठी बोलायच्या. पहिल्या संध्याकाळी त्या मला अंड्याच्या आकाराचं मोठं टेबल दाखवून म्हणाल्या, "काका, प्रत्येकापुढं त्याच्या देशाची पाटी आणि छोटा झेंडा. कागदावर जसं लिहिलंय तसंच."

कागद मी नीट वाचला. मी चौथी शिकलेलो, पण एबीसीडी मला हॉटेलानं शिकवली. सगळं लावून झालं आणि मी लांब उभा राहून बघितलं, तर दोन देश बरोबर समोरासमोर आलेले. त्या दोघांचं आपसात किती वाकडं आहे ते टीव्हीवर रोज बघतो. मला वाटलं, बाईंच्या लक्षात आलं नाही. आमच्यात लग्नाच्या पंगतीला भांडलेल्या भावकीला समोरासमोर कधी बसवत नाहीत. नजरेला नजर झाली की घास अडतो, मग शब्द निघतो, मग पत्रावळी उडतात. ही अक्कल मी सव्वीस वर्षं त्याच हॉलात वापरली होती आणि एकही लग्न मोडू दिलं नव्हतं. म्हणून मी त्यातली एक पाटी उचलली आणि कडेला, खांबाच्या बाजूला नेऊन ठेवली. तिथली पाटी इकडं आणली.

सकाळी साहेब लोक आले आणि कुणी बसेच ना.

खांबाजवळ जागा मिळालेले साहेब खुर्चीमागं हाताची घडी घालून उभे. ते उभे म्हणून त्यांच्या शेजारचे उभे. मग सगळेच उभे. बाई पळत माझ्याकडं आल्या. तोंड पांढरं पडलेलं.

"काका, पाट्या कुणी हलवल्या?"

"मी."

"तुम्ही? का?"

"आवो, ते दोगं समोरासमोर येत व्हते. उगा कशाला?"

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात उभे असलेले साहेबच आमच्याकडं आले. पांढऱ्या मिशा, पोलिसातले. हिंदीत म्हणाले, "बाबा, मेरी जगह आपने बदली? क्यों?"

मला हिंदी कामापुरती येते. मी खरं ते सांगितलं. "साहब, हमारे में झगडावाला आदमी को पंगत में सामने नहीं बिठाते. खाना नहीं उतरता."

 साहेब मिशीतल्या मिशीत हसले. "हमारे गाँव में भी यही करते हैं." समोरच्या देशाचे साहेब मागं येऊन उभे राहिले होते. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "वापस रख दीजिए."

मी ठेवली.  पाऊण तास उशीर झाला.

चहाच्या सुट्टीत बाई शांत झाल्या तेव्हा मी विचारलं, "एवढं काय झालं हो पाटी हलली तर?"

"काका, इथं अक्षरांच्या ओळीनं बसतात. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. आवडणारा जवळ आणि नावडता लांब असं करायला लागलो तर रोज नवं भांडण. ओळीनं बसवलं की कुणी कुणाला मुद्दाम कुठं बसवलं असं राहत नाही."

"आन भांडान हाय ते?"

"ते या टेबलावर काढायचं नाही. दोघांचं भांडण दोघांनी बाहेर बघायचं. इथं सगळ्यांच्या कामाचं तेवढंच. एका देशात गुन्हा करून कुणी दुसऱ्यात पळाला तर कळवायचं. पोरीबाळी पळवून सीमेपार नेतात, ते थांबवायचं. वादळात भरकटलेला कोळी पलीकडं सापडला तर कैदेत न सडवता घरी पाठवायचा. वरच्या देशात पाऊस पडला तर खालच्याला वेळेवर सांगायचं."

"आन ठरवतं कोन?"

"सगळे मिळून. एकानं जरी नाही म्हटलं तरी ठराव होत नाही."

मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हटलं, "मग जल्मात काय हुयाचं न्हाई ह्यांचं."

बाई म्हणाल्या, "हळू होतं. कधी कधी वर्षानुवर्षं बैठकच होत नाही, एकजण रुसतो म्हणून. पण जमलेच नाहीत तर तो कोळी तिकडं तसाच राहतो ना? त्याचं तर कुणाशी भांडण नसतं."

त्यांना त्यांच्या कामाचं बोलायचं होतं. माझ्या डोळ्यापुढं मात्र परक्या चुलीपुढं भाकरी थापणारी बायको आली. मी किटली उचलली आणि आत गेलो.

पुढचे दिवस मी भिंतीला पाठ लावून बघत होतो. इंग्रजी कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. समोरासमोरचे ते दोघे एकमेकांकडं न बघता बोलायचे, अध्यक्षांकडं तोंड करून. एक कागद होता, तो दिवसातून चारदा बदलून यायचा. मिशीवाले साहेब एकदा डोकं हलवून "नो" म्हणाले तर अख्खा दुपारचा वेळ फुकट गेला. मला वाटलं, आमची ग्रामसभा बरी. पण कुणी उठून गेलं नाही. संध्याकाळी सगळे भुशीला धबधबा बघायला गेले, तेही एकाच बसमधून. बसमध्ये मात्र जागा ज्यानं त्यानं निवडली, ते दोघे दोन टोकांना बसले.

चौथ्या दिवशी टाळ्या वाजल्या. मी बाईंना विचारलं काय झालं. त्या हसत होत्या. "पुराचं ठरलं. वरच्यानं पाणी सोडायच्या किती आधी खालच्याला कळवायचं, कुठल्या फोनवर, ते."

"येवढंच?"

"एवढंच."

चार दिवस, आणि एक फोन. मला हसूही आलं आणि कुठंतरी लागलंही. त्यांच्यातलंही गेट उघडलं नव्हतं, तरी काहीतरी ठरवून उठली होती माणसं. आम्ही दोघं सख्खे भाऊ, नऊ वर्षांत एक निरोप दिला नव्हता.

आवतण द्यायच्या दिवशी मी चुलत्याच्या पोराला बोलावलं नाही. सकाळी अंघोळ करून निघालो. पहिलं दार केलं, दुसरं केलं. तिसऱ्या दारापुढं थांबलो. मनाशी म्हटलं, मी ह्याच्याकडं आलेलो नाही, मी ओळीनं चाललोय.

भाऊ ओट्यावर वाल सोलत बसला होता. बराच वाळला होता. डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "कोन हाय?"

"मी."

हात खाली आला. "गेटाचं बोलाया आला असशील तर चालू पड."

"गेटाचं न्हाई. ते आज काडायचंच न्हाई. वर्षाचं आवतण हाय. येत्या सोमवारी."

तो वाल सोलत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या वैनीच्या येळंला तू ह्या दारात आलतास?"

"न्हाई."

"दहाव्याला?"

"न्हाई आलो, दादा. चुकलं."

हे शब्द तोंडातून कसे गेले मला कळलं नाही. मी माफी मागायला गेलो नव्हतो. भाऊही दचकला असावा. एक शेंग त्यानं दाण्यासकट टोपलीबाहेर टाकली. म्हणाला, "तुझी बायको आलती. दहा दिस."  येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. मी चौथ्या दाराला गेलो.

सोमवारी मुलगा-सून आली, भावकी आली. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. भाऊ नव्हता. सून म्हणाली, "आबा, तुम्ही जेवून घ्या आता." मी म्हटलं, बसतो जरा. दुसरी पंगत ताकभातावर आली तेव्हा तो आला. धुतलेलं धोतर, हातात काठी.  रिकाम्या ताटावर बसला, मी माझ्या हातानं वाढलं. तो खाली मान घालून जेवला. वाटेचा, गेटाचा शब्द नाही.

सगळे पांगले तरी तो पायरीवर बसून राहिला. मी शेजारी बसलो.  शेवटी म्हटलं, "दादा, ती नवी आली तवा कशी व्हती रं? मला आठवंना झालंय."

तो काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"तुला न्हाई सांगितलं तिनं कदी?"

"काय?"

"वऱ्हाडाच्या ट्रकातनं येताना वकली ती. माझ्या नव्याकोऱ्या सदऱ्यावर. तू फुडं डायवरपाशी बसला व्हतास नवरदेव म्हनून, ऐटीत. ही मागं आमच्यात. मला म्हनली, भावजी, तुमच्या पाया पडते, ह्यांना सांगू नका. रडायलाच लागली. मी सदरा ट्रकातच काडला आन बनेलवर आलो दारात. आई मला बोलली, लाज न्हाई का, नवरी आलीय आन बनेलवर काय फिरतोस."

"आन तू काय बोलला आईला?"

"म्हनलं, लय उकाडतंय. माघाच्या थंडीत!"

आम्ही दोघं दात नसलेली तोंडं उघडून हसलो. सून दारात येऊन बघून गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या बाईनं हे माझ्यापासून लपवलं होतं, आणि यानंही, भांडणातसुद्धा, तोंडातून काढलं नव्हतं. चार माणसांत मी त्याला एवढं बोललो, तेव्हा मला हिणवायला एवढं पुरलं असतं.

तो उठला, काठी टेकत गेला. "येतो" म्हणाला नाही. मुलगा-सून संध्याकाळच्या गाडीनं गेली. भांडी घासून झाली, घर झाडून झालं, आणि मला तिला चिडवायची इतकी इच्छा झाली की मी तिच्या खाटेकडं वळून तोंड उघडलं. खाट कधीच काढून टाकलीय, तिथं धान्याचं पिंप आहे.

शेताची वाट बंदच आहे. मी ओढ्याकडूनच जातो. त्याबद्दल आम्ही बोललेलो नाही, बोललो तर परत तुटेल, हे दोघांनाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक विचारायचं राहिलं असं वाटलं, तिनं तेव्हा कुठलं लुगडं नेसलं होतं. मी भावाच्या दारात गेलो. तो आत झोपला होता. मी हाक मारली नाही. ओट्यावर वालाची टोपली होती, ती पुढ्यात ओढली आणि सोलत बसलो, तो उठेपर्यंत.