पावणेदोनाचा एक

आमच्या भाऊजींना वॉर्निंग या प्रकाराचाच तिटकारा. गिझरमधून आवाज येतोय असं ताई म्हणाली की यांचं उत्तर तयार: "पाणी तापतंय ना? मग झालं." गाडीत लाल दिवा लागला, तर त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. ताई ड्रायव्हिंग शिकवते, तिचं पोट गाडीवर. तिने पट्टी काढली आणि वर चार शब्द ऐकवले. त्यांकडेही भाऊजींनी कानाडोळा केला.

मी त्यांची मेहुणी, आणि नोकरीला त्यांच्याच कंपनीत. म्हणजे घरी सुटका नाही आणि ऑफिसातही नाही. कंपनी डोळे तपासायची यंत्रं बनवते. यंत्रासोबत जे माहितीपुस्तक येतं ते मी लिहिते. ते कोणी वाचत नाही, त्यामुळे लोकांकडे बघायला मला भरपूर वेळ असतो. भाऊजी यंत्रातला प्रोग्रॅम सांभाळतात आणि "मी आहे म्हणून ही कंपनी चालते" असा चेहरा करून वावरतात.

यंत्रात डोळा मोजणारा जो भाग असतो, तो आम्ही दुसऱ्या कंपनीकडून घेतो. त्यांनी त्याची नवी आवृत्ती दिली, तीही सोर्स कोडच्या रूपात, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला जोडून तुम्हीच बांधून घ्या. बांधायचं काम करतो कंपायलर. माणसाने लिहिलेलं तो यंत्राला कळेल असं करून देतो. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. नवा भाग म्हणे, मला नवा कंपायलर हवा. आमचा प्रोग्रॅम जुन्या कंपायलरच्या हाताखाली वाढलेला. जुना स्वभावाने भिडस्त होता. चूक दिसली तर जरासा खाकरायचा आणि काम पुढे ढकलायचा. नवा तोंडावर बोलणारा. त्याने आमच्या प्रोग्रॅममध्ये इतक्या एरर काढल्या की स्क्रीन वरून खाली सरकवताना भाऊजींचं बोट दुखलं.

भाऊजींनी कंपायलरचं एक व्हर्जन मागे जाऊन पाहिलं, एक पुढे जाऊन पाहिलं. इथं आमचा प्रोग्रॅम बांधला जाई तर तो भाग अडे, तिथं तो भाग बांधला जाई तर आमचा रुसे. साहेब रोज सकाळी येऊन "झालं का?" विचारत. शेवटी भाऊजींना इंटरनेटवर एक स्विच सापडला. तो लावला की कंपायलर ठरावीक प्रकारच्या तक्रारी करतच नाही. भाऊजींना हे इतकं पटलं की त्यांनी तो तिथल्या तिथे लावून टाकला. प्रोग्रॅम बांधला गेला, एकही एरर नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

मग चाचणीसाठी ऑफिसातल्या सगळ्यांचे डोळे तपासले, आणि कंपनीत आनंदीआनंद झाला. ज्याचा त्याचा नंबर उतरला होता. हिशेबवाल्या बाईंचा अडीचचा दोन झाला. साहेबांचा पाऊण होता, तो शून्यावर आला. त्यांनी चष्मा ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुसऱ्याच दिवशी कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या असलेल्या मला भाऊजी समजून झापलं. एकाचाही नंबर वाढला नव्हता, पण त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतो?

ताईचा जुना नंबर सव्वा. परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी जवळ आली होती आणि तिला लांबच्या पाट्या पुसट दिसायला लागल्या होत्या, म्हणून भाऊजींनी तिला यंत्रासमोर बसवलं. यंत्र म्हणालं, एक.

"अहो, मला कमी दिसायला लागलंय, आणि नंबर उतरला कसा?" ताई म्हणाली.

"यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," भाऊजी म्हणाले. "नवा चष्मा कर. सवय होईल."

ताई नव्या चष्म्याने तपासणीला गेली आणि नापास झाली. खालच्या ओळी तिला वाचताच आल्या नाहीत. तिच्याकडचे शिकाऊ लोक दुसऱ्या शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. तपासणारा माणूस म्हणाला होता, चष्म्याचा नंबर चुकीचा होता असं तो काढणाऱ्यांनी लेखी दिलं तर लगेच परत बघू, नाहीतर सहा महिने थांबा. ताई घरी येऊन रडली. गाडी चालवणं हीच तिची शान, आणि ती गेली होती. मला भाऊजींचा इतका राग आला की मी जेवताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या टेबलाशी आले आणि "जरा ये" म्हणाले. त्यांनी स्विच काढून कंपायलर पुन्हा चालवला होता. स्क्रीनवर सरळ लिहिलेलं होतं: इथे अपूर्णांक पूर्णांकाच्या खणात भरला जातोय, उरलेला भाग कापला जाईल. जुना भाग नंबरातले पाव मोजून द्यायचा; सात पाव असले तर सात, आणि आमचा प्रोग्रॅम त्याचे पावणेदोन करायचा. नवा भाग थेट पावणेदोन देत होता. भाऊजींनी तो हिशेब काढून टाकला, पण खण पूर्णांकाचाच ठेवला. ताईचा नंबर वाढून पावणेदोन झाला होता, आणि त्या पावणेदोनाचा यंत्राने एक केला होता.

"त्याने सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मीच त्याला गप्प बसवलं."

तरी पत्र लिहायला बसल्यावर हात वळला तो जुन्याच वाटेने. 'काही तांत्रिक कारणामुळे' असं त्यांनी लिहिलं. ताईने ते डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि विचारलं, "तांत्रिक कारण म्हणजे कोण?"

भाऊजींनी तो कागद फाडला. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि स्वतःच्या नावाने सुरुवात केली.

त्यावर साहेबांची सही हवी होती. यंत्रं दुकानांत जायच्या बेतात होती, त्यामुळे साहेब खुशीत होते. आम्ही दार उघडलं तर ते डोळे बारीक करून म्हणाले, "कोण?"

"मी आहे, साहेब. यंत्रं थांबवा. सगळे नंबर चुकलेत."

साहेबांनी पत्र वाचलं. त्यांना पहिली काळजी पडली ती वेगळीच.

"म्हणजे माझा गेलेला नंबर?"

"गेला नाही, साहेब," भाऊजी म्हणाले. "मी कापला."