सुप्रियाची नखं

नितीनचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा माझ्या हातात बारशाचं झबलं होतं. काही दिवसांपूर्वीच त्यानं 'ताई, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत' असं कळवलं होतं. आता नुसतं म्हणाला, "ताई, सुप्रिया गेली..." सुखरूप बाळंत झालेली बाई अशी कशी जाते? चौलहून दिवेआगरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. सासरी मला फौजदार म्हणतात, ते काही उगीच नाही.

सुप्रियाला मी पहिल्यांदा पाहिलं तेच नखांपर्यंत मेंदी भरल्या हातांनी. पोहे द्यायला येताना कोणी एवढी मेंदी काढतं का? तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली होती. लग्नानंतर बाराही महिने नखांवर गडद नेलपॉलिश. वाडीतल्या खोल्यांवर पर्यटक उतरत, त्यांची पानं वाढून झाली की ती ओट्याला टेकायची, ओठ जांभळट, आणि वर हसून विचारायची, "काय ताई, चौकशी चालू?" लाघवी होती, तितकीच लबाड. दिवस राहिल्यावर गावातल्या आशा सेविकेनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा फारच कमी आला. "नेलपॉलिश हाय ना, त्यावर न्हाय चालत ते," म्हणत तिनं हात ओढणीखाली घेतला. मी म्हटलं, पूस की मग. तिला नेमका तेव्हाच चहा आठवला.

ती गेल्यावर डॉक्टरांनी समजावलं... हृदयाला जन्मापासून छिद्र, त्यापायी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला. रक्तात ऑक्सिजन कमी, म्हणून ओठ आणि नखं निळसर पडतात. अशा बाईला गरोदरपण जिवावर बेततं, बाळंतपणानंतरचे दिवसही तेवढेच धोक्याचे. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. तिची आई तेवढी जमिनीकडे बघत होती.

तेराव्याला मी त्या माउलीला गाठलंच. "तुम्हाला ठाऊक होतं."

"लहानपणीच डॉक्टर बोलले व्हते, हिला पोर होऊ देऊ नका. पण सांगितलं असतं तर लगीन झालं असतं का, ताई?"

"आणि तिला?"

"तिला बी ठाऊक व्हतं. तिलाच पोर हवं व्हतं..."

हे शेवटचं मला अजून पटत नाही. गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. पण ओढणीखाली गेलेला तो हात आठवतो, आणि मग मला सुप्रियाचाही राग येतो, फार येतो, आणि रडूही.

बारसं उशिरानंच केलं. बाळाचं हृदय तपासायला मुंबईला न्यायचंय, ते अजून व्हायचंय. तिची आजी, सुप्रियाची आई, मेंदीचा कोन घेऊन पुढे आली. "बोटांना एवढीशी लावते, आईसारखी दिसेल."

मी आजीचं मनगट धरलं. "नाही! हिच्या नखांना काही लावायचं नाही."

मी बाळाला उचलून सुप्रियाच्या खोलीत नेलं. फळीवर तिची नेलपॉलिशची बाटली तशीच आहे. खिडकीशी उभी राहून मी बाळाच्या मुठी सोडवल्या, उजेडात एकेक बोट पाहिलं. नखं गुलाबी होती. मी पुन्हा पहिल्या बोटापासून पाहू लागले.