सब्जाला पाणी

बसा, चहाला अजून उकळी यायची हाय. तोवर माझ्या माळीपणाची अब्रू कशी गेली ते ऐका. हसा खुशाल, पण हसू शेवटपर्यंत टिकतंय का ते बघा.

निजामाच्या अमलातली गोष्ट. धाराशिवात एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावर मी माळी होतो. त्या साली उन्हाळा म्हणजे नुसता जाळ! मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच करपायच्या. पपईची पानं दुपारी मिटल्या छत्रीगत लोंबायची. साळुंक्या चोची उघड्या टाकून रांजणाखाली बसायच्या. विहीर तळाला गेलेली. दिवसाला चार मोटा निघायच्या, त्यातली एक नुसता गाळ. तेवढ्यात कुणाला जगवायचं अन् कुणाला मरू द्यायचं, ते रोज सकाळी मीच ठरवायचो.

त्यातच साहेबांची पाच वर्षांची लेक गोवरानं गेली. गावातली लई लेकरं गेली त्या साली. बंगल्यात कुणी मोठ्यानं बोलंना. दहाव्याला बेगमसाहेबा हैदराबादला माहेरी निघाल्या, साहेब दौऱ्यावर. टांग्यात बसता बसता साहेब मला म्हणाले, "माली, बाकी सब सूख जाए तो सूख जाए. सब्जे को रोज पानी देना. चालीसवें पर बेगम आएँगी."

"जी सरकार," म्हणून म्या मान डोलावली.

आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं? आधीचे साहेब बंगल्यापुढच्या हिरवळीला सब्जा म्हणायचे. 'सब्जे पर पाँव मत रखो, सब्जा काटो.' गावच्या लोकांना सब्जा म्हणजे सरबतातलं बी. मला मात्र दरबारी उर्दू येत होती ना!

झालं. मोगरा मेला, पपई आडवी झाली, म्या हूं की चूं केलं न्हाय. सगळं पाणी हिरवळीला. कचेरीतली मंडळी संध्याकाळी बघायला यायची. "वैशाखात असली हिरवळ? गुण हाय बुवा तुझ्या हाताला!" म्हणायची. माझी मान अशी ताठ, की मुंडासं मागं पडायचं.

लेकीच्या चाळिसाव्याला आठ दिवस राहिले अन् बंगल्याचा म्हातारा खानसामा बाबूमियाँ मला म्हणाला, "माळीदादा, सब्जा कैसा है?"

म्या हात धरून त्याला हिरवळीवर नेलं. "बघा की."

"अरे, ये तो घास है! बच्ची की कबर पे बेगमसाहेबा अपने हाथ से सब्जा बोके गयीं, उसकू पानी दिया क्या न्हई?"

आपण वृंदावनात तुळस लावतो, तसा त्यांच्यात कबरीवर सब्जा पेरतात, तोच सरबतातला. अन् मी तीन आठवडे गवताला पाणी पाजत बसलेला.

"कुठं हाय कबर?"

"कबरस्तान में लिंबाखाली. छोटी है, नयी मिट्टी है."

घागर घेऊन पळालो. लिंबाखाली छोटी कबर, नवी माती, वर एक हिरवं पान न्हाय. रडायलाच आलं मला. बाजारातून बी आणून पेरलं, वर ओलं गोणपाट टाकलं, सकाळ-संध्याकाळ घागरी वाह्यल्या. चौथ्या दिवशी कोंब! आठव्या दिवशी कबर हिरवीगार. म्हटलं, वाचलो.

चाळिसाव्याला साहेब अन् बुरख्यातल्या बेगमसाहेबा आल्या. मी पुढं, छाती काढून. बघतो तर माझ्या हिरव्या कबरीपाशी एक पिंजाऱ्याची बाई बसलेली, अन् बेगमसाहेबा तिच्या शेजारून पुढं, लिंबाच्या खोडापल्याड गेल्या. तिथं दुसरी छोटी कबर. वाळल्या काड्या, भेगाळलेली माती.

बुरख्याआडून एवढंच आलं, "कोई नहीं आया इधर?"

खरं सांगावं, तर शेजारी ती बाई. तिनं मला वळखलं. "दादा, तुमीच घालीत होता व्हय पाणी? मला घागर उचलवत न्हाय, पोर गेल्यापासून आजारीच हाय मी. माझ्या पोराची तुमाला कशी सय आली?" अन् पाया पडायला वाकली. मला तिच्या पोराचं नावसुद्धा ठावं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सगळं उमगलं त्यांना. रागावले असते तर बरं झालं असतं.

बेगमसाहेबांनी बाईला हळूच विचारलं, "बेटा था?"

"व्हय. तुमचं?"

"बेटी."

बाई उठली. पोराच्या कबरीवरली रोपं मातीसकट ओंजळीत घेतली अन् मुलीच्या कबरीवर लावायला बसली. बेगमसाहेबाही बसल्या. डोईवर दुपारचं ऊन. असल्या उन्हात उपटलेलं रोप जगत न्हाय, हे कुणीबी सांगंल. पण म्या घागर उचलली. त्या लावत गेल्या, मी पाणी घालत गेलो.

"जिएगा ना, माली?" बेगमसाहेबांनी विचारलं.

"जगतंय की, सरकार," म्या म्हटलं.

दिवस मावळायच्या आत सगळ्या रोपांनी माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच नवं बी घेऊन मी कबरस्तानात गेलो. कबर आता ठावी होती, तरी या खेपेला बाबूमियाँला संगं नेलं, कंची ते बोट लावून दाखवायला.