बटणबाई

बालवर्गातली पोरं त्यांना बटणबाई म्हणायची, आणि बाईंनाही ते नाव मनापासून आवडायचं.

शर्टांच्या कारखान्यात त्यांनी अकरा वर्षं बटणं लावली होती. एका शर्टाला पुढे सात, बाह्यांना दोन, कॉलरला दोन आणि आतल्या पट्टीवर एक जादा. मशीनवर बसल्यावर मोजत बसायला वेळ कुठला? हात डब्यात जायचा, मूठ भरायची, आणि बारा आली की अकरा हे मुठीलाच कळायचं. याच बाईंनी लहानपणी पाढे येत नाहीत म्हणून हाताचे तळवे लाल होईस्तोवर छड्या खाल्ल्या होत्या. गणितात गटांगळ्या खाऊन शेवटी शाळा सुटली. आपल्याला गणित येत नव्हतं असं नाही, ते कुणी आपल्या हातातच दिलं नव्हतं, हे त्यांना कारखान्यात कळलं.

कारखाना बंद पडल्यावर त्या शाळेत मावशी म्हणून लागल्या. नाकं पुसायची, बूट घालून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. ते करता करता चाळिशी उलटल्यावर त्यांनी बालशिक्षणाची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. मग त्याच वर्गात, त्याच पोरांसमोर त्या बाई म्हणून उभ्या राहिल्या. शाळेच्या मोठ्या बाई मात्र चिडल्या की अजूनही त्यांना चुकून ‘मावशी’ म्हणून जायच्या.

बाईंच्या वर्गात पहिले चार महिने आकडा लिहायचाच नाही. आधी वेचायचं, लावायचं, वाटायचं. दोन भोकांची बटणं इकडे, चार भोकांची तिकडे. प्रत्येक ताटलीत एकेक बटण ठेव बघू. एक ताटली उरली? मग बटणं कमी की ताटल्या जास्त? शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं एखादं पोर ‘मला तीन चमचे दे’ म्हटलं की मूठभर चमचे आणून द्यायचं. अशा पोराला बाई आठ-आठ दिवस फक्त तीन खेळवायच्या. तीन खडे, तीन उड्या, तीन टाळ्या. हाताला तीन कळलं की डोक्याला सांगावं लागत नाही, असं त्या म्हणायच्या.

पालकांना ते काही पटत नव्हतं. शेजारच्या शाळेतली पोरं पन्नासपर्यंत लिहितात आणि आमची नुसती बटणं चिवडतात, अशी सह्यांची तक्रार गेली. शाळेच्या समितीने बैठक बोलावली. बैठकीच्या दिवशी सकाळपासून बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काय बोलायचं ते त्या मनात घोकत होत्या.

तेवढ्यात भिंगरी दारातून पळत आली. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून बाईंनीच तिला ते नाव ठेवलेलं. तिच्या हातात प्लास्टिकची छोटी डबी होती. मी पण बटणं आणलीत, बघा ना, असं ती दोनदा म्हणाली. बाईंनी मान वर न करताच सांगितलं, ठेव तिथे टेबलावर.

ते तीन शब्द पुढे त्यांना कितीतरी दिवस झोपू देणार नव्हते.

साडेदहाच्या पुढे वाटणीचा खेळ संपला. बाई टेबलाटेबलावरून बटणं गोळा करत निघाल्या. खिडकीजवळच्या टेबलावरच्या डब्यात त्यांची बोटं फिरली आणि मध्येच थबकली. काहीतरी गार, गुळगुळीत आणि जड लागलं. कोटाच्या बटणाएवढं गोल, चकचकीत. उलटसुलट करून पाहिलं, तर भोकच नाही. वर बारीक आकडे कोरलेले.

“हे कुणाचं गं?”

“माझं. चांदीचं बटण,” भिंगरी म्हणाली.

भिंगरीचे वडील वजनकाटे आणि रिमोट दुरुस्त करायचे. बाईंनी लगेच त्यांना फोन लावला आणि हातातली वस्तू कशी आहे ते सांगितलं.

“बाई, त्या बटणासारख्या जुन्या बॅटऱ्या आहेत,” ते म्हणाले. “मी फळीवर डबीत टाकल्या होत्या. पोरांच्या हातात राहू देऊ नका. गिळली तर घसा जाळते ती. पाकिटावरच लिहिलेलं असतं, लगेच दवाखान्यात न्या म्हणून.”

किती होत्या, असं बाईंनी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि मदतनीस मावशींना दारापाशी उभं केलं. सगळ्या पोरांना हात वर करून उभं राहायला सांगितलं, जणू नवा खेळच आहे. खिसे, मोजे, दप्तरं, डबे, पेन्सिलींचे कप्पे, सगळं पालथं घातलं. एक बॅटरी एका पोराच्या मोज्यात निघाली. एक कंपासपेटीत. एक भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात. डब्यातली धरून चार झाल्या.

पण चार म्हणजे सगळ्या का? ते सांगणार कोण? भिंगरीला विचारलं तर ती म्हणाली, “खूप होत्या.” मोजता तिला येत नव्हतंच. बाईंनी ते तिला अजून शिकवलं नव्हतं.

शिकवली होती ती वाटणी.

बाईंनी खिडकीजवळच्या टेबलावर ताटल्या मांडल्या. त्या टेबलावर पाच पोरं बसायची. प्रत्येकाला आपापल्या जागी बसवलं आणि आवाज शक्य तितका साधा ठेवत भिंगरीला म्हणाल्या, “सकाळी तू चांदीची बटणं कशी वाटलीस, ते मला करून दाखव. खरी मी देणार नाही, ही कागदाची घे.” त्यांनी वहीच्या पानाच्या गोल टिकल्या फाडून तिच्या हातात दिल्या.

भिंगरी टेबलाभोवती फिरली. हिला एक. त्याला एक. याला एक. गप्पूला एक. मला एक. मग रिकामे हात पसरून म्हणाली, “संपली.”

“डबीत उरली होती का एखादी?”

“नाही. सगळ्यांना पुरली.”

पाच ताटल्या, पाच टिकल्या. बाईंनी चार बॅटऱ्या रुमालात धरून एकेकाला विचारलं. मोज्यातली याची, कंपासपेटीतली हिची, खिशातली भिंगरीची. डब्यातली माझी, असं चौथं पोर म्हणालं. मी परत टाकली, तिला भोकच नव्हतं.

उरली गप्पू.

गप्पू शाळेत बोलायचीच नाही. घरी म्हणे तोंडाची टकळी चालू असायची, पण वर्गात पाऊल टाकलं की तोंडात मिठाची गुळणी. तीन महिन्यांत बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती आपल्या ताटलीकडे बघत बसली होती. हनुवटीवरून लाळेचा एक धागा खाली आला होता. समोर उघडलेला डबा होता, त्यातलं बिस्किट तसंच पडलं होतं.

“गप्पू, तुझं बटण कुठंय बाळा?”

ओरडलं तर ही आणखी मिटेल, हे बाईंना ठाऊक होतं. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि त्यांना मात्र सावकाश वागायचं होतं. त्यांनी कपाटातली कापडी बाहुली आणून टेबलावर ठेवली आणि गप्पूच्या ताटलीतली कागदाची टिकली तिच्या बोटांत दिली.

“ही तू आहेस. बटण कुठे गेलं, ते हिला दाखव.”

गप्पूने टिकली बाहुलीच्या हातावर ठेवली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग उचलून बाहुलीच्या तोंडावर दाबून धरली, आणि दुसरा हात स्वतःच्या गळ्याला लावला.

बाईंनी तिला उचललं ते थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई बैठकीचे कागद लावत होत्या. गप्पूची आई लाँड्रीत इस्त्री करायची, तिचा फोन जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद असायचा. मोठ्या बाई म्हणाल्या की आधी आईला येऊ दे, तिच्या परवानगीशिवाय पोर शाळेबाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. शिवाय पोरगी श्वास घेतेय, रडत नाहीये. पोरं काय काय गिळतात, दुसऱ्या दिवशी निघून जातं. आणि तासाभरात समिती येईल, त्यांना काय सांगायचं?

“मावशी, जरा डोकं शांत ठेवा,” त्या म्हणाल्या.

बारा वर्षांत बाईंनी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

“बाई, नियम मोडल्याचं तुम्ही माझ्या नावावर लिहा,” त्या म्हणाल्या. “लाँड्रीच्या मालकांना फोन करा आणि आईला मोठ्या दवाखान्यात पाठवा. मी निघाले.”

व्हॅनवाले काका फाटकापाशी चाकात हवा भरत होते. बाईंचा चेहरा बघून त्यांनी पंप तिथेच टाकला आणि गाडी सुरू केली. रस्त्यात दोन सिग्नल लागले आणि एके ठिकाणी खोदकाम. गप्पू मांडीवर गप्प. ओकारी काढायची नाही, पाणी पाजायचं नाही, असं दवाखान्याने फोनवर बजावलं होतं. बाईंना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि प्रत्येक श्वास कान देऊन ऐकत राहिल्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी गिळली? दहा ते दहा चाळीसच्या मध्ये, बाई म्हणाल्या. नक्की एकच का? पाच होत्या, चार इथे आहेत. बाईंनी रुमाल उघडला. डॉक्टरांनी एक बॅटरी उजेडात धरून आकडे वाचले आणि नर्सला हाक मारली. त्यांची चाल एकदम बदलली.

एक्सरेत गळ्याच्या खाली पांढरा गोल दिसत होता. त्याच्या कडेच्या आत आणखी एक बारीक रेघ. नाणं असतं तर कड एकच दिसली असती, डॉक्टर म्हणाल्या. अन्ननलिकेत अडकली होती. गप्पूला लगेच आत नेलं.

आई आली तेव्हा दार बंद झालेलं होतं. तिच्या कपड्यांना अजून इस्त्रीच्या वाफेचा वास होता. बाईंनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“तुमच्या वर्गात ही वस्तू आलीच कशी?” तिने विचारलं.

भिंगरीचं नाव घेता आलं असतं. तिच्या वडिलांचंही.

“पोरीने डबी मला दाखवली होती. मी बघितली नाही,” बाई म्हणाल्या.

आईने तोंड फिरवलं. पुढचा पाऊण तास दोघी एकाच बाकावर बसल्या, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. कुणी कुणाला पाणी विचारलं नाही. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात एक लहान बाटली होती आणि तिच्या तळाशी काळी पडलेली बॅटरी. आत भाजलंय, पण भोक पडलेलं नाही, त्या म्हणाल्या. काही दिवस इथेच ठेवावं लागेल, नंतर पुन्हा तपासावं लागेल. उशीर झाला असता तर मी हे इतक्या निश्चिंतपणे सांगू शकले नसते.

आई आत लेकीकडे गेली. बाई जिन्यात गेल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

समितीची बैठक आठवडाभराने झाली. बटणांचा विषय आता तक्रारीपुरता राहिला नव्हता. बाई राजीनामा लिहूनच गेल्या होत्या. अध्यक्षांनी विचारलं की पोरीला दवाखान्यात न्यायचं कुणी ठरवलं. बाई तोंड उघडणार तोच मोठ्या बाई उठल्या.

“मी थांबायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “या थांबल्या नाहीत.”

एवढंच बोलून त्या बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

राजीनामा घेतला गेला नाही. लेखी ताकीद मिळाली, आणि मुठीपेक्षा लहान वस्तू वर्गात आणायची नाही असा नियम झाला. बाईंनी दोन्हींवर सही केली. नियम त्यांना योग्यच वाटला. पाच-सहा डबे बटणं त्यांनी एका शिंपीणकाकूंना देऊन टाकली आणि मोठाल्या वस्तू जमवायला लागल्या. बरण्यांची झाकणं, पळ्या, बुटांचे खोके, लाकडी ठोकळे. आता पोरं ठोकळ्यांच्या राशी रचत, बुटांच्या जोड्या लावत, कधी स्वतःच रांगेत उभी राहून मोजली जात. रोज सकाळी दारात बाई प्रत्येकाचं दप्तर उघडून बघायच्या, कुणी कितीही घाईत असलं तरी. काही पालकांना तो जाच वाटे. भिंगरी बरेच दिवस कशालाच हात लावेना, म्हणून बाईंनी रोजची वाटणी मुद्दाम तिच्याकडेच दिली.

गप्पू सहा आठवड्यांनी परत आली. सोबत आई. तिने लाँड्रीतून रोज अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. वर्गाबाहेरच्या बाकड्यावर ती बसून राहायची, खिडकीतून लेकीच्या हातांवर नजर ठेवून. बाईंशी बोलायची नाही. बाईंनीही तिला कधी जा म्हटलं नाही. रोज खिडकीचं ते दार सताड उघडं ठेवायच्या आणि गप्पूला तिच्या आईला दिसेल अशा जागी बसवायच्या. शिकवताना पाठीला ती नजर सारखी टोचत राहायची.

असे तीन आठवडे गेले. एका गुरुवारी शाळा सुटताना आई दारात येऊन उभी राहिली.

“उद्यापासून पूर्ण दिवस कामावर जाते,” ती म्हणाली. “दोन वाजता, जेवणाच्या सुट्टीत न्यायला येईन.”

“या,” बाई म्हणाल्या.

आई लेकीचा हात धरून फाटकाकडे निघाली. मोकळ्या हवेत येताच गप्पूची टकळी सुरू झाली, ती बाईंना दारापर्यंत ऐकू येत होती. आत दोन पोरं एका झाकणावरून भांडायला लागली होती. बाई वळल्या आणि त्यांच्यामध्ये जाऊन बसल्या.